आयडलिंगला होणारी खडखड : जुन्या गाडीत आवाजाचे मूळ कसे शोधावे

गाडी जागेवर उभी असताना, आयडलिंगला (म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) इंजिनाकडून खडखड ऐकू आली की बेअरिंग गेले असावे अशी धास्ती वाटते, आणि त्या धास्तीपोटी कित्येकदा धडधाकट इंजिन विनाकारण खोलले जाते. जुन्या गाडीत असा आवाज इंजिनाच्या पोटातून येत असेल, तसाच तो बाहेरच्या एखाद्या गंजलेल्या पत्र्यातूनही येत असेल. त्यामुळे तो कसा वाटतो यापेक्षा तो केव्हा येतो, केव्हा थांबतो आणि कशाने बदलतो, हे आधी पक्के करावे.

सुरुवात ऑइलपासून करावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि पातळी खालच्या खुणेखाली असल्यास योग्य प्रतीचे ऑइल घालूनच पुढे जावे. ऑइल प्रेशरचा लाल दिवा आयडलिंगला लागत किंवा लुकलुकत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे आणि गेज लावून दाब मोजून होईपर्यंत ते पुन्हा चालू करू नये. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. जाड ऑइल थंड इंजिनात वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणजे आवाज झाकला जातो आणि झीज वाढते.

चालू इंजिनाजवळचे काम मोकळ्या हवेत, सैल बाह्या आणि ओढणी आवरून, हँडब्रेक लावून करावे. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, हे विसरू नये.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करतानाची पहिली काही मिनिटे तपासाच्या दृष्टीने फार मोलाची असतात, कारण इंजिन गरम झाल्यावर काही आवाज निघून जातात. चालू करताच दोन-तीन सेकंद खडखड होऊन ती थांबली, तर टायमिंग चेनच्या (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणाऱ्या साखळीच्या) टेन्शनरमधले, म्हणजे ती ताणून धरणाऱ्या भागातले, ऑइल रात्रीतून उतरले असावे, असा संशय घेता येतो. थंड असताना पोकळ ठकठक होऊन इंजिन तापल्यावर ती मावळत असेल, तर झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन आपटत असण्याची शक्यता असते. थंडपणी टिकटिक होते, पुढे कमी होते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर एकत्र करणाऱ्या नळीच्या) इंजिनाशी असलेल्या जोडावर काजळीची रेघ दिसते, अशा वेळी गॅसकेटमधून वायू निसटत असतो.

आता पत्र्यांकडे वळावे, आणि माझ्या मते येथे घाई करू नये. एक्झॉस्टच्या पाइपभोवती असणारे हीट शील्डचे पातळ पत्रे बोल्टपाशी गंजून सैल होतात आणि नेमक्या आयडलिंगच्या कंपनाला थरथरू लागतात. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबताच आवाज नाहीसा होतो. इंजिन बंद करून, पाइप पूर्ण गार झाल्यावर प्रत्येक पत्रा हाताने हलवून पाहावा आणि सायलेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) यांवर रबरी हातोडीने हलकेच ठोकावे. पत्रा वाजला तर तो स्टीलच्या क्लिपने आवळता येतो. कन्व्हर्टरच्या आत खुळखुळ झाली, तर त्यातील जाळी फुटलेली असते. गाडीखाली जाण्यापूर्वी ती स्टँडवर टेकवावी, नुसत्या जॅकवर विसंबू नये. दबून निकामी झालेले इंजिन माउंटिंगही (इंजिनाला बॉडीवर धरणारा रबरी आधार) असाच गोंधळ घालते : एसी चालू करून इंजिनावर भार टाकला आणि सगळी बॉडी हादरली, तर आधी माउंटिंग पाहावे.

इंजिनाबाहेरच्या बेल्टवर (टायमिंग बेल्टवर नव्हे) चालणाऱ्या भागांचा निकाल सोपा आहे. इंजिन बंद असताना बेल्टचा मार्ग लिहून ठेवून तो काढावा आणि थंड इंजिन फार तर अर्धा मिनिट चालवावे, कारण बहुतेक गाड्यांत अल्टरनेटर आणि अनेकांत वॉटर पंपही त्या काळात फिरत नाही. आवाज गेला, तर दोष बेल्टचा टेन्शनर, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर किंवा पंप यांपैकी एकात असतो.

तरीही आवाज राहिला, तर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेकवून मूठ कानाला लावावी. बेल्ट आणि पंखा यांपासून ते दूर ठेवावे. ८०० आरपीएमला क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला सुमारे १३ फेरे घेतो आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मे, म्हणून टॅपेटची, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांमधल्या भागाची, टकटक तुलनेने संथ असते आणि व्हॉल्व्ह कव्हरवर सर्वांत स्पष्ट ऐकू येते. तेथे टॅपेटचा गॅप समायोजित करण्याची सोय असेल, तर कंपनीने दिलेल्या मापानुसार फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तो तपासावा. चेनच्या कव्हरवर सतत खरखर ऐकू येत असेल, तर काम पुढे ढकलू नये. चेन दात चुकवून सरकली, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

खालून, ऑइल चेंबरच्या बाजूने जड ठोका येत असेल आणि रेस केल्यावर तो वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा संशय घ्यावा. पेट्रोल इंजिनात एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा विजेचा जोड क्षणभर काढून पाहावे. ज्या सिलिंडरवर ठोका स्पष्टपणे मंदावतो, तेथे दोष असण्याची शक्यता मोठी असते. डिझेल गाडीत चालू इंजिनावर इंधनाच्या नळीचा जोड कधीही सैल करू नये, कारण तेथील दाबाची धार त्वचेत घुसते. रॉडचा ठोका निश्चित झाला, तर गाडी चालवत न नेता ओढून न्यावी.

मॅन्युअल गाडीत क्लच दाबण्याची एक चाचणी मात्र इंजिनाला दोष देण्यापूर्वीच करून घ्यावी. न्यूट्रलमध्ये होणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची गती आत घेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची असू शकते किंवा, काही गाड्यांत, ड्युअल मास फ्लायव्हीलची, म्हणजे स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांच्या जड चाकाची. उलट दाबल्यावरच सुरू झाली, तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग तपासावे. दुरुस्ती झाल्यानंतर गाडी पुन्हा रात्रभर थंड होऊ द्यावी आणि जेथे पहिल्यांदा आवाज ऐकला होता, त्याच जागी, बोनेट उघडून, ती सकाळी चालू करून पाहावी.