गावातली कामं एकाच फेरीत
दिवस कुठं गेला कळत नाही, अशी तक्रार असेल तर आधी फेऱ्या मोजा. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला जाऊन घरी आलं की गुजरीतलं काम आठवतं, पुन्हा गाडीला किक! रात्री झोपताना उद्याची कामं भागवार लिहा. महाद्वार, गुजरी, भवानी मंडप सगळं अंबाबाईच्या देवळाभोवतीच. गाडी एकदा लावली की चालत उरकतं. शाहूपुरी, स्टेशनकडची कामं दुसऱ्या दिवशी. शुक्रवारी आणि नवरात्रात मात्र देवळाकडची कामं काढूच नका, गर्दीत तास जातो. आणि डोकं लागणारं काम, हिशेब असो की अभ्यास, बाहेर पडायच्या आधीच करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, २५ मिनिटं तरी. दमून घरी आल्यावर ते होत नाही, माझ्याच्यानं तरी नाही.