इंजिन ‘लीन’ चालतंय? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागतो, तालुक्याच्या गावचा मिस्त्री स्कॅनर लावतो, पी०१७१ हा कोड येतो आणि निकाल लागतो: “ऑक्सिजन सेन्सर गेला भाऊ, नागपूरवरून मागवा लागते.” काही हजार रुपये जातात, दिवा आठ-दहा दिवस विझतो आणि परत लागतो. गाडी मात्र सिग्नलला थरथरतच असते.

पी०१७१ म्हणजे सेन्सर खराब, असं कुठेच लिहिलेलं नाही. त्या कोडचा अर्थ एवढाच की सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त सापडतोय आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवून वाढवून थकलाय. पेट्रोल इंजिनाला एक किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा लागते. त्याहून हवा जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन. बहुतेक वेळा सेन्सर खरं तेच सांगत असतो आणि शिक्षा मात्र त्यालाच होते.

कोड पुसून मग तपासणं

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं ही आपल्याकडची आवडती युक्ती. तिच्यासोबत सगळा पुरावाही जातो. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता हे ईसीयू ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये जपून ठेवतो. आधी ते वाचा, मोबाईलवर फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनरही हे दाखवतो.

ट्रिम न पाहता पार्ट बदलणं

सगळ्यात महाग चूक हीच. स्कॅनरमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ नावाचे दोन आकडे दिसतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. अधिकचं चिन्ह म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय. दोघांची बेरीज शून्याच्या आसपास हवी. ती अधिक दहा टक्क्यांच्या वर राहिली की शंका घ्यायची, वीस-पंचवीसच्या पुढे गेली की बहुधा कोड येतोच.

इंजिन चांगलं गरम होऊ द्या. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, आकडा लिहून घ्या. मग रेस देऊन २,५०० आरपीएमवर थोडा वेळ धरा आणि पुन्हा लिहा. आयडलवर आकडा मोठा आणि रेस दिल्यावर उतरला, तर इंजिन कुठूनतरी चोरून हवा खेचतंय. आयडलला मुळात हवा कमी लागते, म्हणून तिथे छोटं भोकही भारी पडतं. रेस दिल्यावर तीच गळती किरकोळ होते. उलट आयडलवर ठीक आणि लोड आला की आकडा चढला, तर पेट्रोल कमी पडतंय. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना किंवा समृद्धीवर १०० च्या पुढे गाडी दम सोडत असेल, तर मॅनिफोल्डचं (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग उघडण्यात वेळ घालवू नका. फ्युएल प्रेशर मोजा, पंप आणि त्याची जाळी पाहा. प्रेशरचा आकडा मात्र तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

एक गोम इथे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा मोजायला एमएएफ (आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर) नसतो, एमएपी सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब पाहतो. चोरून आलेली हवाही त्या दाबात धरली जाते आणि तिच्या हिशेबाने पेट्रोल जातं. म्हणून अशा गाडीत पाइप फुटला तरी ट्रिम फारसा बिघडत नाही, आयडल आरपीएम मात्र चढलेला राहतो. “ट्रिम बरोबर आहे, म्हणजे गळती नाही” हे या गाड्यांना लागू नाही.

पाइप वरून पाहून ‘ठीक आहे’ म्हणणं

विदर्भातल्या गाडीचे दोन वैरी: ऊन आणि उंदीर. पंचेचाळीस अंशांत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली रबर भाजून कडक होतं, आणि भेग पडते ती नेमकी क्लिपच्या खाली, जिथे नजर जात नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की उरलेलं काम उंदीर करतात. पाइप वरून अगदी नवा दिसतो. मोबाईलचा टॉर्च लावून कॅमेरा मॅनिफोल्डच्या खालून फिरवा आणि व्हिडिओ सावकाश पाहा. खालच्या बाजूला मुगाएवढं भोक आणि भोवती दातांच्या बारीक खुणा दिसतात. तिथेच इंजेक्टरच्या वायरीही कुरतडलेल्या आहेत का, तेही पाहून घ्या.

ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत आत नेणारा), कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग ही नेहमीची ठिकाणं. ब्रेक दाबताना पेडल दगडासारखं लागत असेल, तर गाडी रस्त्यावर काढूच नका, बहुधा बूस्टर गळतोय. बाकी पाइप एकेक करून मऊ पकडीने दाबून पाहा. ज्याला दाबल्यावर आयडल किंवा ट्रिम बदलतो, संशय त्याच्यावर.

गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर शिंपडून गळती शोधणारे अजूनही आहेत. कृपा करून हे करू नका. मॅनिफोल्डच्या बाजूलाच तापलेला एक्झॉस्ट असतो. मोठ्या गॅरेजात स्मोक टेस्ट होते. इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, धूर सोडतात, जिथून बाहेर येतो तिथे भोक.

खोट्या लीनला बळी पडणं

एक प्लग किंवा कॉइल मिसिंग करत असेल, म्हणजे ठिणगी नीट पडत नसेल, तर त्या सिलेंडरमधली न जळालेली हवा तशीच बाहेर पडते. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन मोजतो, म्हणून तो ‘लीन’ सांगतो. मग ईसीयू सगळ्याच सिलेंडरचं पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या पॅकिंगला फट असली, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तोच खोटा निकाल येतो. थंड इंजिन चालू करताच बॉनेटखालून टिक-टिक ऐकू आली, तर आधी तिथे बघा. आणि दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर मिसिंग जोरात आहे; गाडी बाजूला घ्या, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जळेल.

सेन्सर खरंच गेला का, तेही तपासता येतं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनात सुमारे ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत खालीवर होतं. थ्रॉटल बॉडीच्या (रेस दिली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) आधीच्या पाइपात थोडा प्रोपेन सोडला आणि व्होल्टेज लगेच वर गेलं, तर सेन्सर जिवंत आहे. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या.

एअर फिल्टरवर खापर फोडणं

काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या दिवसांतली कापसाची भुरी यांनी फिल्टर चोंदतो, पण चोंदलेल्या फिल्टरने मिश्रण लीन होत नाही, पिकअप मरतं. फाटलेला किंवा नीट न बसलेला फिल्टर मात्र धूळ एमएएफवर नेऊन बसवतो. मग एमएएफ हवा कमी सांगतो आणि पेट्रोल कमी जातं. तो साफ करायला एमएएफचाच स्प्रे मिळतो. कापडाने पुसू नका, तार नाजूक असते.

पेट्रोलला विसरणं

किराणा दुकानातल्या बाटलीतलं पेट्रोल टाकलं असेल, तर ते मिस्त्रीला सांगा, लाजू नका. त्यात पाणी असेल, तर बाकी सगळी तपासणी वाया जाते. ई२० ची (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) गोष्ट वेगळी. त्याला किलोमागे १३.५ किलोच्या आसपासच हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या गाडीत ट्रिम त्यानेच सहा-आठ टक्क्यांनी वर दिसू शकतो. तेवढा आकडा दोष धरू नका. पंधरा-वीस दाखवत असेल, तर वर सांगितलेलं सगळं तपासा.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि थोडं गावात, थोडं हायवेवर चालवून लाँग टर्म ट्रिम पुन्हा वाचा. नुसता दिवा विझला म्हणून मिस्त्रीचे पैसे देऊन मोकळं होऊ नका. तो आकडा खाली आला तरच काम झालं.