जेवणानंतरची शुगर जास्त आली? आधी घड्याळ, हात आणि ताट तपासा

जेवणानंतरची शुगर दोन तासांनी तपासतात, आणि हे दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. ताटावरून उठल्यापासून मोजले, तर रोजचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मधुमेह नसेल तर दोन तासांनी शुगर १४० च्या आत असते (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी मर्यादा १८०. गरोदरपणात मात्र १२०.

द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या घराघरांत एक गफलत होते. द्राक्षं खाऊन हात नुसते पुसले जातात, बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मीटर भलताच आकडा दाखवतं. सॅनिटायझरवर भागवू नका. साबणाने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. थेंब पिळून काढू नका.

घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे १७६ आणि १८४ यांत चांगलं-वाईट शोधण्यात अर्थ नाही. जेवणाआधीचा आकडा हवाच. आधी १६०, नंतर २१० असेल तर मूळ दुखणं ताटात नाही, शुगर जेवणाआधीच चढलेली होती. ११० वरून २३० झाली तर ताट बघा.

आता मिसळ. दोष तर्रीला दिला जातो, पण शुगर चढवतो तो मुख्यतः पाव, त्यातही मागून मागवलेला तिसरा. तर्रीचं आणि फरसाणाचं तेल पोट उशिरा रिकामं होऊ देतं, म्हणून दोन तासांनी १६० बघून खूश होऊ नका. तिसऱ्या तासाला आणखी एकदा तपासा. पुढच्या वेळी आधी उसळ आणि दही खा, एकच पाव घ्या, खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं चाला. मग त्याच वेळेला पुन्हा मोजा. उपवासाच्या साबुदाणा खिचडीलाही हाच नियम. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च.

आकडा वारंवार १८० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवा, गोळी किंवा इन्सुलिनचा डोस स्वतः वाढवू नका. ३०० च्या वर आकडा आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर थेट दवाखाना गाठा.

लॅबमध्ये पीपी, म्हणजे जेवणानंतरच्या शुगरची तपासणी, करायची असेल तर त्या दिवशी मुद्दाम अर्धी पोळी खाऊन जाऊ नका. रोजचं जेवण आणि, डॉक्टरांनी थांबवली नसेल तर, रोजची गोळीही घ्या. नाहीतर रिपोर्टमध्ये तुमची रोजची शुगर दिसतच नाही.