परदेशात एमटीबी (माउंटन बाइक) ट्रिप: कुठे जायचं हे ठरवायचं कसं (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

सायकलिंगच्या ग्रुपवर कोणीतरी कॅनडातल्या व्हिस्लर बाइक पार्कचा व्हिडिओ टाकतं, खाली आगीच्या इमोजींची रांग लागते, "चला रे एकदा जाऊया" होतं आणि विषय तिथेच बारगळतो. ज्यांचं खरंच ठरतं ते आधी देश ठरवतात, मग तिकीट काढतात आणि त्या महिन्यात तिथले ट्रेल (डोंगरातल्या सायकलच्या वाटा) उघडे असतात का हे सगळ्यात शेवटी बघतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. सुट्टी कधी मिळणार, उतारावर तुम्हाला खरंच काय जमतं आणि चढ स्वतः मारायचाय की गाडीने वर जायचंय, एवढं नक्की करा, मग नकाशावर दोन-तीनच नावं उरतात आणि ग्रुपवर भांडायलाही फार काही राहत नाही.

सुट्टीपासून सुरू करू, कारण आपल्याकडे तेच सगळ्यात अवघड. मुलांच्या शाळा असतील तर मे महिना, नाहीतर दिवाळी, नाहीतर ख्रिसमसचा आठवडा, यापलीकडे ऑफिसातून मोठी सुट्टी निघत नाही. मे महिन्यात आल्प्सला जायचं म्हणाल तर वर अजून बर्फ असतो, फ्रान्समधल्या मोर्झिनसारख्या बऱ्याच ठिकाणच्या लिफ्ट (सायकलसकट वर नेणारे पाळणे) साधारण जूनमध्ये सुरू होतात आणि सप्टेंबरपर्यंत गुंडाळतात, म्हणजे मेची सुट्टी तिथे फुकट. त्याच मे महिन्यात इटलीतलं फिनाले लिगुरे मात्र मस्त असतं, समुद्राकाठचं गाव आहे, तिथे वसंत आणि शरद हेच खरे सीझन, ऑगस्टमध्ये उलट उकडतं. स्कॉटलंडलाही मे चांगला, दिवस मोठा असतो आणि ते मिज नावाचे चावरे चिलटं अजून पूर्ण जोरात आलेले नसतात. व्हिस्लरचा बाइक पार्क मेच्या मध्यात उघडतो पण वरचे ट्रेल बर्फ वितळेल तसे हळूहळू उघडतात, म्हणजे एवढे पैसे घालून अर्धाच पार्क.

दिवाळी म्हणजे नेपाळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, हिमालय उघडा. फक्त दसऱ्याच्या आसपास तिकडे दशैं असतो, अख्खा देश गावी निघतो, तेव्हा बस आणि विमानाची तिकिटं मिळता मिळत नाहीत, आपल्याकडे गणपतीत कोकणची गाडी मिळत नाही तसंच. दिवाळीनंतर दुबईजवळचं हत्तासुद्धा सुरू होतं, त्याआधी तिकडे नुसती भट्टी. ख्रिसमसला दक्षिणेकडे बघायचं, न्यूझीलंड आणि टास्मानियात तेव्हा उन्हाळा असतो, पण त्यांचीही सुट्टी तेव्हाच असल्यामुळे राहण्याचे भाव चढलेले असतात. थायलंडच्या चियांग माईला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत तिकडे शेतं आणि जंगलं जाळतात, धुराने डोंगर दिसत नाही, दम लागण्याआधी खोकला लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी काढू शकत असाल तर आल्प्सला पर्याय नाही. गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये आले तर मात्र घरी आधी विचारा, "यंदा गावाला येत नाही, आल्प्सला चाललोय" हे आईला सांगून बघा आणि काय होतं ते मला कळवा.

आता दुसरी गोष्ट, उतारावर काय जमतं. इथे बरेच जण स्वतःची फसवणूक करतात, कारण आपली सगळी मापं रस्त्यावरची आहेत. पाम बीच रोडचा स्पीड, येऊरचा चढ किती मिनिटांत मारला, माळशेज किती वेळा केला, याचा एमटीबीच्या उताराशी फारसा संबंध नाही. चढाचा दमसास उपयोगी पडतोच, पण आल्प्सच्या लिफ्टवरून उतरताना तासभर पेडलवर उभं राहून दगड-मुळांवरून खाली यायचं असतं आणि तिथे मांड्या पेटतात, ब्रेक दाबून दाबून बोटं आखडतात. येऊरचं जंगल नॅशनल पार्कचं आहे, तिथे पायवाटेवर सायकल घालायची नाही, त्यामुळे सराव करायचाच तर मुरबाड-कर्जतकडच्या गावांमधल्या कच्च्या वाटा शोधा, मुरूम, दगडगोटे, मध्येच ओढा. अर्धा तास सलग कच्च्या उतारावर न बसता येता आलं, मागचं चाक सरकलं तरी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला नाही, तर परदेशातला ब्लू ट्रेल, म्हणजे सोप्या ग्रीनच्या पुढचा टप्पा, तुम्हाला झेपेल. नाही जमलं तरी जा, फक्त ग्रीनपासून सुरू करा आणि पहिला दिवस तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबर घालवा, त्यात कसली लाज.

रंगांचा घोळ लक्षात ठेवा. ब्रिटन आणि आल्प्समध्ये साधारण ग्रीन, ब्लू, रेड, ब्लॅक अशी अवघडपणाची चढती भाजणी असते. कॅनडा-अमेरिकेत रेड हा मधला टप्पा नसतो, ब्लूनंतर थेट ब्लॅक आणि मग डबल ब्लॅक, त्यामुळे "मी वेल्समध्ये रेड मारलाय" म्हणून व्हिस्लरच्या ब्लॅकवर शिरू नका. न्यूझीलंडमध्ये एक ते सहा असे ग्रेड असतात, तीनला ठीक वाटलं तर चार बघायचा. ट्रेलफॉर्क्स अॅपवर ट्रेलचा ग्रेड, उतार आणि सध्या बंद आहे का हे सगळं दिसतं, देश ठरवायच्या आधी संध्याकाळी चहा घेत तासभर त्यात घाला. तिथे बघायचं काय, तर ज्या गावात राहणार त्याच्या जवळ तुमच्या ग्रेडचे ट्रेल किती आहेत. एखादं ठिकाण जगप्रसिद्ध असतं पण तिथलं सगळं ब्लॅकच असतं, मग चार दिवस त्याच दोन ब्लू ट्रेलवर गोल गोल फिरत बसाल.

वर जायचं कसं, हा खरं तर पैशाचा प्रश्न आहे. लिफ्ट असली की दिवसात भरपूर उतार होतात, पण रोजचा पास, जाड टायरची भारी सायकल, अंगावर गार्ड, सगळं वाढत जातं. शटल म्हणजे मागे सायकली लावलेली व्हॅन, फिनालेमध्ये सगळा कारभार त्यावर चालतो, सकाळी गावातून सुमारे हजार मीटरवरच्या जुन्या नाटो तळापर्यंत नेऊन सोडतात, तिथून वेगवेगळ्या वाटांनी समुद्राकडे उतरायचं. तिसरा प्रकार म्हणजे स्वतः पेडल मारत जायचं, गावागावांत मुक्काम करत. आपल्यासारख्या घाट मारणाऱ्यांना हा प्रकार सगळ्यात जास्त मानवतो असं माझं मत आहे, आणि म्हणूनच मी पहिल्या ट्रिपला कोणालाही नेपाळमधलं मुस्तांगच सांगतो.

मुस्तांगबद्दल जरा सविस्तर लिहितो. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा व्होटर आयडी लागतं, आधारवर जाता येईल या भरवशावर विमानतळावर पोचू नका. काठमांडू, मग पोखरा, मग सकाळच्या छोट्या विमानाने जोमसोम. सकाळच्याच, कारण दुपारनंतर काली गंडकीच्या खोऱ्यात असं वारं सुटतं की विमानं उडत नाहीत. हे वारं दक्षिणेकडून खोऱ्यात वर घुसतं, म्हणजे कागबेनीकडून जोमसोम-मार्फाला उतरताना ते थेट तोंडावर येतं, उतार असूनही पेडल मारावं लागतं आणि डोळ्यात, दातात वाळू जाते. त्यामुळे तिथे पहाटे निघायचं, दहा-अकराच्या आत मुक्काम गाठायचा, उरलेला दिवस डालभात आणि गप्पा. मुक्तिनाथहून लुब्रा गावाकडे उतरणारा सिंगलट्रॅक (एकच सायकल मावेल अशी वाट) हा त्या भागातला सगळ्यात नावाजलेला उतार, अरुंद, मोकळ्या मातीचा, एका बाजूला दरी. मुक्तिनाथला देवदर्शनही होतं, त्यामुळे घरून परवानगी लवकर मिळते हा वेगळा फायदा. परमिट लागतं, कागबेनीच्या पुढे अप्पर मुस्तांगमध्ये जायचं तर वेगळं आणि महागडं परमिट एजन्सीमार्फतच काढावं लागतं. पहिल्या वेळी त्यात पडू नका.

उंचीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. आपण समुद्रसपाटीची माणसं. जोमसोम २७०० मीटरच्या आसपास, मुक्तिनाथ ३७०० च्या पुढे, आणि अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकच्या वाटेवरची थोरांग ला ही खिंड ५४१६ मीटर, तिथे सायकल बहुतेक वेळा खांद्यावरच असते. ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, डोकं दुखत असेल तर पुढे चढायचं नाही, आणि हे पाळायला जादा दिवस लागतात. सुट्टी आठवड्याचीच असेल तर थोरांग ला विसरा, जोमसोम-मुक्तिनाथ करा आणि परत या.

सुट्टी त्याहूनही कमी असेल तर हत्ता. दुबईहून दीड तासाच्या ड्राइव्हवर, हजर डोंगरात, ग्रीन ते ब्लॅक सगळे ट्रेल आखलेले, भाड्याने सायकल तिथेच, आणि ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एकाचा तरी मावसभाऊ दुबईत असतोच. सगळं दगडाळ आहे आणि झाडाचा मागमूस नाही, त्यामुळे पडलात तर सालटं निघतील, गुडघ्याचे-कोपराचे गार्ड घालाच. भूतानला भारतीयांना रोज रात्रीमागे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, रस्ते आणि चढ फार सुंदर आहेत, पण खास एमटीबीचे ट्रेल हवे असतील तर मी तिथे पैसे घालणार नाही.

मोठ्या ट्रिपमध्ये माझं मत न्यूझीलंडच्या रोटोरुआला. गावाला लागूनच व्हाकारेवारेवा जंगल, दीडशे किलोमीटरहून जास्त ट्रेल, सोप्यापासून अवघडपर्यंत सगळं एकाच ठिकाणी, त्यामुळे ग्रुपमध्ये कोणी कच्चा, कोणी पक्का असेल तरी कोणाची अडचण होत नाही. माती ज्वालामुखीची आहे, पाणी झिरपून जातं, पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशी चिखलात रुतत नाही. टास्मानियातलं डर्बीही छान, कथिलाच्या खाणी बंद पडून ओस पडत चाललेलं गाव २०१५ मध्ये ट्रेल सुरू झाल्यावर पुन्हा जागं झालं. दोन्हीकडे एक गोष्ट सक्त आहे, बुटाला किंवा टायरला आपल्याकडची माती लागलेली चालत नाही. देशात शिरतानाच्या फॉर्मवर सांगायचं, निघायच्या आधी ब्रशने आणि दातकोरणीने बुटांचे तळवे साफ करायचे. लपवलं आणि सापडलं तर जागेवर दंड.

सायकल न्यायची की तिथे घ्यायची, यावर ग्रुपमध्ये युद्ध होतात. माझं म्हणणं, आठवड्याभराच्या ट्रिपला भाड्यानेच घ्या. हेल्मेट, शूज, पेडल आणि चष्मा तेवढा स्वतःचा न्या. तुमच्याकडे हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) असेल तर आल्प्सला ती नेण्यात अर्थच नाही, तिथे १४०-१६० मिलिमीटर ट्रॅव्हलची (सस्पेन्शन जेवढं दबतं ते अंतर) फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल लागते. मुस्तांगला मात्र चांगली हार्डटेलही चालून जाते. ई-एमटीबीची बॅटरी विमानातल्या १६० वॉट-अवरच्या मर्यादेच्या कितीतरी वर असते, प्रवासी विमानात ती चढवतच नाहीत, त्यामुळे ई-बाइक म्हणजे तिथेच भाड्याने. स्वतःची महागडी सायकल न्यायचीच असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर येताना "कुठून घेतली, बिल दाखवा" सुरू होतं.

भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेक बघा. आपल्या मोटरसायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये सायकललाही बहुतेक तसाच, पण युरोपात आणि अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला. उतारावर घाबरून सवयीने डावा दाबला, मागचा समजून, तर हँडलवरून पुढे. दुकानातच सांगायचं, लिव्हर बदलून द्या, बहुतेक जण बदलून देतात, नाही दिले तर पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फिरून हाताला सवय करा. मग बॅग पाठीवर घेऊन सायकलवर बसून त्यांच्याकडून सस्पेन्शनची हवा लावून घ्या, बसल्यावर ट्रॅव्हलच्या साधारण २५ ते ३० टक्के खाली गेलं पाहिजे. वजन खरं सांगा, पॉलिसी काढताना सांगितलेलं नको.

पॉलिसीवरून आठवलं, ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद वाचा. साध्या पॉलिसीत "साहसी खेळ" वगळलेले असतात आणि बाइक पार्क, डाउनहिल त्यातच मोजतात. नेपाळसाठी उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू आहे का बघा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, पण ते कव्हर आहे म्हणजे सायकलवरून पडलेलं त्यात येतंच असं नाही. न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या उपचाराचा खर्च तिथली सरकारी एसीसी योजना पाहुण्यांनाही बऱ्यापैकी देते, पण घरी परत आणायचा खर्च देत नाही, तेव्हा पॉलिसी तरीही काढायचीच.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो. अपॉइंटमेंट उन्हाळ्यात मिळणं कठीण असतं, त्यामुळे जुलैत आल्प्सला जायचं असेल तर जानेवारीतच तारीख शोधायला लागा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, आणि ग्रुपने जाणार असाल तर सगळ्यांची हॉटेल बुकिंग, तारखा एकसारख्या असू द्या. आणि ज्याचा पासपोर्ट सहा महिन्यांत संपतोय त्याने आजच रिन्यू करायला टाका, तो एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.