कॅसँड्राचं कॉम्पॅक्शन रखडतंय? आधी ‘डर्टी’ची ओळ बघा

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, रात्री साडेअकराला फोन. शीतगृहांच्या तापमानाच्या नोंदी साठवणाऱ्या कॅसँड्रा डेटाबेसचे तीन नोड, म्हणजे तीन सर्व्हर, त्यातल्या एकावर तुंबलेली कॉम्पॅक्शनं (छोट्या फाइली वाचून एक मोठी करण्याची कामं) ४०० च्या वर गेलेली आणि डॅशबोर्ड मधूनमधून पंधरा-वीस सेकंद गोठतोय. “दादा, रॅमच संपलीय. फ्री फक्त ६०० एमबी दाखवतंय,” पलीकडचा मुलगा म्हणाला. म्हणून त्याने क्रॉनमध्ये दर तासाला कॅश रिकामी करणारी, ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये ३ लिहिणारी ओळ टाकून ठेवली होती.

अर्धं दुखणं तिथेच होतं. लिनक्सवर ‘फ्री’चा आकडा बघून घाबरायचं नसतं. रिकामी पडलेली रॅम कर्नल पेज कॅशला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची पानं हाताशी ठेवायला वापरतो आणि गरज लागली की परत देतो. बघायचा रकाना ‘अव्हेलेबल’, आणि तो चांगला ३० जीबीच्या आसपास होता.

कॅश पुसल्याने कॉम्पॅक्शनचं काय बिघडतं? कॅसँड्रा एकदा लिहिलेल्या फाइलला पुन्हा हात लावत नाही. नव्या नोंदी रॅममधल्या मेमटेबलमध्ये जमतात, ते भरलं की डिस्कवर एक नवी फाइल, म्हणजे एसएसटेबल, पडते, आणि साइज-टियर्ड पद्धतीत साधारण सारख्या आकाराच्या चार जमल्या की त्या वाचून एक मोठी तयार होते. त्या चार छोट्या फाइली नुकत्याच लिहिलेल्या असल्याने बहुतेक वेळा कॅशमध्येच सापडतात, डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. फराळाला काढून ठेवलेले रवा-तूप-साखरेचे डबे कोणी तासातासाला उचलून माळ्यावर ठेवले, तर लाडू वळून कधी होणार? ती ओळ काढली.

तरी गोठणं थांबेना. मग मी ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’तल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी वॉच लावून दर सेकंदाला बघत बसलो, शेजारच्या खिडकीत डिस्क किती व्यग्र आहे ते दाखवणारं आयओस्टॅट. डर्टी म्हणजे रॅममध्ये लिहिलेला पण अजून डिस्कवर न गेलेला डेटा, राइटबॅक म्हणजे त्यातला आत्ता डिस्कवर जात असलेला. तुम्हीही इथूनच सुरुवात करा, कुठलीही सेटिंग बदलण्याआधी. कॉम्पॅक्शन चालू असताना डर्टी हळूहळू चढत गेली, ५ जीबीच्या पुढे गेली, आणि मग एकदम राइटबॅक उसळला. डिस्क शंभर टक्के व्यग्र, आणि नेमक्या त्याच वेळी डॅशबोर्ड गारठला.

कारण सोपं आहे. ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’ची मूळ किंमत १० आणि ‘डर्टी रेशो’ची २०. हे टक्के उपलब्ध मेमरीचे. ३० जीबीवर म्हणजे ३ जीबी साचेपर्यंत डिस्कवर लिहिण्याची खरी घाई सुरू होत नाही (३० सेकंदांहून जुनी पानं तेवढी आधी जातात), आणि ६ जीबीच्या सुमारास लिहिणाऱ्यालाच थांबवलं जातं. साटा एसएसडी सेकंदाला ४०० एमबी लिहीत असेल, तर ६ जीबी उपसायला पंधरा सेकंद. आमच्याकडे कमिट लॉगही (आलेली प्रत्येक नोंद सुरक्षिततेसाठी लिहून ठेवणारी फाइल) त्याच डिस्कवर, म्हणजे तोही त्या रांगेत अडकलेला. ज्या काळात सर्व्हरला १ जीबी रॅम असायची, तेव्हा हे टक्के ठीक होते.

म्हणून टक्के सोडा, बाइट द्या. ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ला २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी, ‘डर्टी बाइट्स’ला १०७३७४१८२४, म्हणजे १ जीबी. बाइट दिले की टक्क्यांची जोडी शून्य दिसू लागते, ते बरोबरच आहे. आधी चालू मशीनवर लावून बघा, पटलं की रीबूटनंतरही टिकावं म्हणून ‘सिसकंट्रोल डॉट डी’मध्ये फाइल करून ठेवा. जोडीला कॅसँड्राच्या यामल फाइलमध्ये ‘ट्रिकल एफसिंक’ चालू करा. मग लांबलचक फाइल लिहिताना दर १०२४० केबीला, म्हणजे १० एमबीला, ती डिस्कवर ढकलली जाते आणि शेवटी एकदम ढीग पडत नाही. एसएसडीवर हे डोळे झाकून करावं. फिरत्या डिस्कवर मात्र मोजून बघा.

यानंतरच कॉम्पॅक्शनचा वेग वाढवायला जा. कॅसँड्रा ३.११ मध्ये तो मुळात सेकंदाला १६ एमबी असतो, ४.० पासून ६४. आमचा ३.११ होता. कॅसँड्राच्या नोडटूल या आज्ञेने चालू नोडवर तो आधी ३२ केला, तासभर बघितलं, मग ६४. हेच मी पहिल्यांदा केलं असतं तर डर्टी चौपट वेगाने साचली असती आणि लोकांनी मला रात्रभर शिव्या घातल्या असत्या.

आता हीप, म्हणजे कॅसँड्रा ज्यावर चालतो त्या जावासाठी राखून ठेवलेली रॅम. कोणीतरी ६४ जीबीच्या मशीनवर जावाला ३१ जीबी देऊन ठेवले होते. हीपला दिलेली रॅम पेज कॅशला मिळत नाही, आणि एसएसटेबल तर कॅशमधूनच वाचल्या जातात. मी १६ वर आणला आणि दोन दिवस जीसीचा, म्हणजे जावाच्या मेमरी-सफाईचा, लॉग बघितला, कुरकूर नव्हती. तुमच्याकडे असेल तर परत वाढवा, यात हट्ट नको. कंटेनरमध्ये चालवत असाल तर पेज कॅशही कंटेनरच्याच मर्यादेत मोजली जाते. हीप १६ आणि मर्यादा १८ दिलीत, तर यजमान मशीनवर कितीही रॅम मोकळी असो, कॅशच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही.

राहिला रीडअहेड, म्हणजे मागितल्यापेक्षा पुढचं किती आधीच वाचून ठेवायचं ते. त्या डिस्कवर तो ४०९६ सेक्टर, म्हणजे २ एमबी होता. चार केबीची नोंद वाचायला दोन एमबी उचलून आणायचे आणि त्यासाठी कामाची पानं हाकलायची, असा प्रकार. कॉम्पॅक्शनला मोठा रीडअहेड आवडतो, फुटकळ वाचनाला लहान. मी ‘ब्लॉकडेव्ह’ने १२८ सेक्टर, म्हणजे ६४ केबी ठेवला, ३.११ मध्ये कॉम्प्रेशनचा तुकडाही मुळात तेवढाच असतो. ४.० वर तुकडा १६ केबीचा आहे, तिथे ३२ सेक्टर लावून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मधे एक पूर्ण कॉम्पॅक्शन जाऊ द्या. मशीन रीबूट केल्यावर कॅश थंड असते, तेव्हाचे आकडे कशाशीच ताडू नका. नुसता कॅसँड्रा बंद-चालू केला तर कॅश शाबूत राहते.

सकाळी सहाला तुंबलेलं काम ३० च्या खाली आलं. महिन्याभराने कर्नल अपडेटसाठी रीबूट झाला आणि वाचन पुन्हा जडावलं. डर्टीच्या किमती जागेवर होत्या, रीडअहेड मात्र मूळपदावर गेला होता. तो यूडेव्हच्या (मशीन सुरू होताना डिस्कला सेटिंग लावणाऱ्या) नियमात लिहायचा मीच विसरलो होतो.