काटकसर करताय? दात कोरून पोट भरू नका. या चुका टाळा

मंगळवार बाजारात मेथीच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घ्यायचे आणि त्याच आठवड्यात हप्त्यावर साठ हजारांचा टीव्ही घरी आणायचा, हे आपल्या सोलापुरात सर्रास चालतं. वर आपण किती साधं राहतो हेही सांगायचं. धम्माच्या वाटेनं साधी राहणी ठेवू पाहणाऱ्या घरांतसुद्धा गणित बहुतेक इथंच चुकतं.

या विषयावर बुद्धांनी थेट संसारी माणसाशी बोललेलं एक सुत्त, म्हणजे उपदेश, अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे. कोलिय लोकांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू त्यांना भेटायला आला. म्हणाला, आम्ही बायकापोरांच्या गराड्यात राहणारी, काशीचं चंदन लावणारी, सोनंनाणं बाळगणारी माणसं. आमच्या उपयोगाचं काही सांगा. बुद्धांनी त्याला चंदन टाकून दे म्हटलं नाही. कष्टानं कमव, कमावलेलं राख, चांगल्या माणसांची संगत धर आणि समजीविता ठेव, म्हणजे मिळकत बघून खर्च कर, असं सांगितलं. पुढं तळ्याचा दाखला दिला: चार वाटांनी पाणी येतं, चार वाटांनी जातं, येणाऱ्या वाटा बुजल्या, जाणाऱ्या उघड्या राहिल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तळं आटणारच. जाण्याच्या वाटाही नावानिशी सांगितल्या आहेत: बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. त्या यादीत मेथीची जुडी नाही.

चूक: झिरपा बुजवायचा, मोरी उघडी ठेवायची

आजच्या घरात आणखी एक मोठी मोरी आहे, ती कर्जाची. महिना 3 टक्क्यांनी उचललेल्या 50,000 रुपयांचं नुसतं व्याज महिन्याला 1,500 होतं. तेवढे पैसे भाजीवर वाचवायचे तर घरात भाजीच आणायला नको. बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात आनण्यसुख म्हणजे कुणाचं देणं नसण्याचं सुख वेगळं काढून सांगितलं आहे. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा गडगंज श्रेष्ठी, हे लक्षात घ्या.

आपल्याकडं हे कर्ज बहुतेक वेळा लग्नात होतं. बौद्ध पद्धतीच्या लग्नाइतकं कमी खर्चाचं लग्न शोधून सापडणार नाही. पांढरे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, हार घातले की झालं. मुहूर्त नाही, हुंडा नाही. मग त्या अर्ध्या तासाच्या विधीला दोन हजार पानं आणि छातीत धडधडणारा डीजे कशाला? ऋण काढून सण करायची सवय जुनी आहे, धम्म बदलला तरी ती मागच्या दारानं आत आली. उपाय एकच, आणि तो कटू आहे: पत्रिका छापण्याआधी दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून आकडा ठरवायचा, आणि तो आकडा हातातल्या पैशाचा असायला हवा.

मटका असो की मोबाइलवरचा पैशाचा डाव, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीत तो आहेच.

चूक: चार वाट्यांचा हिशेब शब्दशः लावायचा

सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धांनी सिगालाला केलेल्या उपदेशात, मिळकतीचे चार भाग सांगितलेत: एक भाग उपभोगाला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. हे वाचून अठरा हजार पगाराचा माणूस वही घेऊन बसतो. साडेचार हजारांत घर चालवायचं कसं, म्हणून महिन्याभरात वही माळ्यावर जाते. सिगाल हा राजगृहातल्या गृहपतीचा मुलगा होता, हे विसरू नका. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं यातली दिशा घ्यावी. धंद्यातले दोन भाग म्हणजे ज्यानं उद्याची कमाई वाढते ते: पोराची फी, शिलाई मशीनची दुरुस्ती, टेम्पोचा टायर. या खर्चात आखडता हात घेणं ही काटकसर नव्हे.

आणि चौथा भाग ‘उरलं तर’ टाकू नका. महिनाअखेरीला काही उरत नसतं. पगाराच्या दिवशीच बाजूला काढा. पोस्टाचं आवर्ती खातं महिना 100 रुपयांपासून उघडता येतं.

चूक: साधेपणाचीच खरेदी

घरातले चांगले डबे टाकून काचेच्या बरण्या आणायच्या, ध्यानाला खास गादी मागवायची, दिवाणखान्यात कारंज्यातली बुद्धमूर्ती बसवायची. साधं राहायला इतका खर्च येत असेल तर काहीतरी बिनसलंय. ध्यानाला जुन्या सोलापुरी चादरीची चौपदरी घडी पुरते. चादरींच्या गावात राहून गादी मागवणं म्हणजे कमालच.

कापडाच्या बाबतीत विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, बुद्धांचा शिष्य आनंद याची गोष्ट मला फार आवडते. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, दिली. राजा चिडला, हा श्रमण काय कापडाचं दुकान घालणार? त्यानं जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. खोळींची बैठक, बैठकीची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडायची फडकी, आणि फडकी फाटली की कुटून मातीत कालवून जमीन सारवू. राजानं खूश होऊन आणखी पाचशे दिली.

आपल्या आज्या वेगळं काय करत होत्या? चादर मधोमध विरली की उभी कापायची, धडाचे काठ मध्ये घेऊन शिवायचे; त्याला दंड घालणं म्हणतात. तीन-चार वर्षं सहज निघतात. पुढं ती वाकळीच्या आत जाते, मग पायपुसणं, शेवटी पोतेरं. शिलाईच्या दुकानात दंड घालून द्या म्हटलं तर हल्ली तोंडाकडं बघतात, तेव्हा सुई घरीच हातात घ्यावी. भिक्खूनं जवळ ठेवायच्या आठ वस्तूंत सुईसुद्धा असते.

इथं एक गोची होते. ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरची नसते आणि प्रत्येक चादर सुतीही नसते. मिश्र धाग्याची चादर स्वस्त पडते, पण पाणी टिपत नाही, त्यामुळं तिचं पुढं पायपुसणंही होत नाही. घेताना सुट्या दशीचा एक धागा मागून घेऊन जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. मिश्र धाग्याची कडक गुठळी होते.

चूक: स्वस्त मिळाली म्हणून वर्षाची ज्वारी भरायची

फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी निघते, मंगळवेढ्याची मालदांडी बाजारात येते आणि हात शिवशिवतात. आधी घराचा हिशेब करा. दिवसाला दहा भाकरी होत असतील तर साधारण एक किलो पीठ लागतं, म्हणजे क्विंटलला तीन महिने आणि वर. पोरं रात्री चपाती-भातच खात असतील तर चार पोती कुणासाठी?

भरलीच तर या गोष्टी सांभाळा. कडक उन्हात वाळवा आणि दाणा दाताखाली धरा. कट्कन फुटला तर वाळली, दबला तर अजून एक ऊन द्या. उन्हातून उचलून गरम गरम कोठीत ओतू नका; आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर निवू द्या. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवूनच घाला, ओला पाला ओल आणतो.

एवढं करूनही श्रावणात टोके पडले, की प्रश्न येतो पंचशीलाचा. पाणातिपात म्हणजे जीवहत्या नको, आणि धान्यही वाया घालवायचं नाही. ज्वारी उन्हात पातळ पसरा. किडे आपणहून सावलीकडं निघून जातात. उरलेले चाळून कुंपणापाशी सोडा. गोदामात वापरतात त्या गोळ्या मात्र घरात आणायच्याच नाहीत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपेत माणसं मारतो.

पीठ आठ-दहा दिवसांचंच दळा. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं फाटते. मग घरातली बाई पिठाला नावं ठेवते आणि नवरा बाईला. तसं पीठ टाकू नका, उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. आणि भाकरी रोज उरत असेल तर चक्क कडक भाकरीच करा की, आपल्याकडं ती विद्या आहेच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी प्रवासातही चालते.

चूक: ‘शिळं’ पाणी ओतून देणं

काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात, नळ आला की आधीचं भरलेलं पाणी मोरीत ओतणारी घरं आहेत. उजनीहून पाइपातून आलेलं पाणी झाकून ठेवलं तर लगेच शिळं होत नाही. गढूळ वाटलं तर गाळा, उकळा. तेही नको असेल तर भांडी, फरशी, झाडं आहेतच.

उलटी चूकही तितकीच वाईट. टाकीतलं पाणी संपूच द्यायचं नाही, वरून भरत राहायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून घासायचं, कोरडं होऊ द्यायचं आणि तोंडाला सुती कापड बांधायचं. अंडीच घालू दिली नाहीत तर मारायची वेळ येत नाही. भिक्खूच्या आठ वस्तूंत पाण्याची गाळणीही असते, ती पाण्यातले बारीक जीव पोटात जाऊ नयेत म्हणून.

चूक: औषधाला चिमटा

बीपीची गोळी एक दिवसाआड घेणं, चष्म्याचा नंबर वाढला तरी जुनाच रेटणं, मे महिन्यात पारा 43 वर गेला तरी म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत कूलर न लावणं. याला त्याग म्हणत नाहीत. चीवर, अन्न, निवारा आणि आजारात औषध या चार गरजा भिक्खूलासुद्धा आहेत. दीघजाणूच्या सुत्तात ऐपत असून उपाशी राहणाऱ्यालाही बोल लावला आहे, लोक म्हणतील हा उपासमारीनं मरणार. बाबासाहेबांनीही गरिबीचे गोडवे कधी गायले नाहीत.

चूक: साधं राहणार एक, राबणार दुसरी

ही सगळ्यात कमी बोलली जाणारी चूक. नवरा जाहीर करतो, आजपासून बाहेरचं काही नाही, सगळं घरी. पापड घरी, चटणी घरी, कपडे हातानं. करणार कोण? वाचलेल्या पैशाबरोबर तिचे गेलेले तासही वहीत लिहा, मग हिशेब बोला. कामवाल्या मावशींचा पगार दोन वर्षं न वाढवणं हीसुद्धा काटकसर नाही, ते त्यांच्या ताटातलं काढून घेणं आहे. सिगालोवादात मालकाची कर्तव्यं स्पष्ट दिली आहेत: झेपेल तेवढं काम, जेवण आणि मजुरी, आजारात काळजी, गोडधोड झालं तर त्यांनाही वाटा, आणि वेळेवर सुट्टी.

त्याच सुत्तात नवऱ्याचीही पाच कर्तव्यं आहेत. तिला मान देणं, तुच्छ न लेखणं, तिच्याशी प्रामाणिक राहणं, घराचा कारभार तिच्या हाती देणं आणि पाचवं, दागिने करून देणं. साधेपणाच्या नावाखाली तिच्या गंठणावरून वाद काढणाऱ्यांनी हे पाचवं कर्तव्य सोयीस्करपणे वगळलेलं असतं.