यकृताबाहेरच्या गाठी सुईनं जाळताना : या चुका टाळा

परवा एक मामा सीटीच्या टेबलावर आडवे झाले आणि दहा मिनिटांत उठून घरी गेले. मूत्रपिंडावर अडीच सेंटिमीटरची गाठ. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजे सुईतून वीज सोडून गाठ आतल्या आत जाळणं, आमच्या बोलण्यात ‘आरएफए’, करायचं ठरलेलं. अक्कलकोटकडून पहाटेच्या एसटीनं आलेले, उपाशीपोटी, रिपोर्टची पिशवी नीट लावलेली. शेवटचं म्हणून विचारलं, “मामा, रक्त पातळ करायची गोळी कधी बंद केली?” मामा ताठ होऊन म्हणाले, “ती कशी बंद करीन? हार्टच्या डॉक्टरांनी बजावलंय, एक दिवस चुकवायची नाही. आज सकाळीबी घोटभर पाण्याबरोबर घेतली.”

मामांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, होती. ती घालणाऱ्या डॉक्टरांना आरएफएचा पत्ता नव्हता आणि आरएफए करणाऱ्यांना स्टेंटचा. फोनवर विचारून फॉर्म मीच भरला होता. गोळ्यांच्या रकान्यात ‘बीपी’ एवढंच लिहून पुढं गेलो होतो. मूत्रपिंडात रक्त भरपूर खेळतं, तिथं सुई घालायची म्हणजे हा प्रश्न पहिला. गोळी थांबवायची का, किती दिवस आधी, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. घरच्यांनी मनानंच बंद केली तर स्टेंट तुंबायची भीती, म्हणजे आणखी वाईट. पेसमेकर असेल तर तोही आधीच सांगा. या मशीनच्या विजेनं त्याचं काम बिघडू शकतं.

मी सोलापुरात सीटीच्या खोलीत टेक्निशियन आहे. पुण्याहून डॉक्टर येतात त्या दिवशी पॅड लावणं, मशीन जोडणं, पेशंटला धीर देणं ही माझी कामं. यकृताच्या गाठी अशा जाळतात हे आता बऱ्याच जणांच्या कानावर असतं. मूत्रपिंड, फुप्फुस, हाड, थायरॉइड इथंही हेच तंत्र चालतं, पण प्रत्येक ठिकाणची खोड वेगळी. आणि ‘टाका नाही, चीर नाही, म्हणजे किरकोळ काम’ हा समज मात्र सगळीकडं सारखा. किरकोळ कसलं? शरीराच्या आत ठरवून भाजणं आहे ते.

जोर लावून गाठ जळत नाही

सुईच्या टोकातून सेकंदाला चार-पाच लाख वेळा दिशा बदलणारी वीज जाते. तिनं आजूबाजूचे क्षार हलतात, घासतात आणि मांस तापतं. ६० अंशांपुढं पेशी जवळजवळ लगेच मरतात. १०० च्या पुढं गेलं की सुईभोवती कोळसा धरतो, कोळशातून वीज जात नाही आणि मशीनवर इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एकदम चढतो. नातेवाईक बाहेरून विचारतात, “फुल पॉवर लावली ना?” त्यांना मी भाकरीचं सांगतो. तव्याखाली जाळ भसाभस वाढवला तर भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते. आम्हा सोलापूरकरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. कडक भाकरी मंद आचेवरच होते.

मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ अर्धवट राहते, कारण वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. म्हणून मूत्रपिंडाची तीन सेंटिमीटरच्या आतली, बाहेरच्या कडेला असलेली गाठ सोपी आणि मध्यभागी घुसलेली अवघड. ‘गाठ लहान आहे, होऊन जाईल’ हे अर्धंच खरं.

जाळण्याआधी गाठीचा तुकडा तपासायला हवा, हे घाईत राहून जातं. एकदा भाजलं की ती गाठ नेमकी कसली होती हे नंतर खात्रीनं सांगता येत नाही.

‘सलाईन आण’ म्हणू नका

हे वॉर्डमधल्या आमच्या माणसांसाठी. मूत्रपिंडाच्या गाठीला आतडं टेकलेलं असेल तर मधे पाणी सोडून आतडं दूर सारतात. हे पाणी पाच टक्के डेक्स्ट्रोजचं लागतं. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, मग संरक्षण राहतं बाजूला. पण आपल्याकडं टांगलेली प्रत्येक बाटली ‘सलाईन’च! घाईत कुणी तसं ओरडलं की नॉर्मल सलाईनच येतं. मी कागदावर ‘डी-फाइव्ह’ लिहून देतो आणि बाटली आली की लेबल मोठ्यानं वाचतो.

मांडीवरचे पॅड

विजेला परतायला वाट लागते, ती दोन्ही मांड्यांवर चिकटवलेल्या पॅडमधून. बरेच जण फक्त सुईकडं बघतात, पॅडकडं कुणी बघत नाही. मे महिन्यात इथं पारा ४२ ला टेकतो, पेशंट घामाघूम येतो, कुणी अंगाला तेल चोपडून आलेला असतो. फार पूर्वी, मी नवा असताना, एका केंद्रात एका मांडीवरचा पॅड घामानं अर्धा सुटला. सगळा भार दुसऱ्यावर गेला आणि काठाजवळ तळहाताएवढा फोड आला. गाठ उत्तम जळली होती. पेशंटच्या लक्षात राहिला तो फोड.

तेव्हापासून माझा क्रम ठरला: केस काढायचे, कातडी धुऊन कोरडी करायची, दोन्ही पॅड सुईपासून सारख्या अंतरावर, लांब बाजू सुईकडं करून. मधेमधे हात लावून बघायचं. खुब्यात धातूचा सांधा असेल तर डॉक्टरांना विचारूनच जागा ठरवायची. अंगावर धातू नको. यावरून आयाबायांशी रोज वाद होतो. मंगळसूत्र एकवेळ निघतं, जोडवी निघत नाहीत. घरूनच काढून या, साबण लावून.

रात्री दुखणारा पाय

सोलापूरच्या पूर्व भागातला एक चौदा वर्षांचा मुलगा. वडील टॉवेलच्या मागावर. आई सांगत होती, “दिवसा खेळतंय, रात्री नडगी धरून रडतंय.” वर्षभर कॅल्शियमच्या गोळ्या, ‘वाढीचं दुखणं’ म्हणून मालीश. एक्स-रेत काही नाही. एमआरआयमध्ये हाडाला एवढी सूज की घरात कॅन्सरच्या नावानं रडारड. साधी दुखण्याची गोळी घेतली की मात्र अर्ध्या तासात शांत झोप.

रात्रीचं दुखणं आणि असल्या गोळीनं हमखास आराम, हे ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं लक्षण. ही साधी गाठ असते, कॅन्सर नव्हे. तिचा गाभा बहुधा दीड सेंटिमीटरच्या आतला. तो शोधायचा तर बारीक कापांचा सीटीच हवा. त्या मुलाचा गाभा ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा होता. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यावर आरएफएचा पहिला लेख छापला आणि हाडाची मोठी शस्त्रक्रिया बऱ्याच मुलांची टळली. साधारण ९० अंशांवर सहा मिनिटं. पण भूल पूर्ण लागते. सुई गाभ्यात शिरताना झोपलेल्या पेशंटचीही नाडी धावते, मी मॉनिटरवर बघितलंय. ‘लोकलवर, नुसती तेवढी जागा बधिर करून भागवू, भूलतज्ज्ञाचे पैसे वाचवू’ हा हिशेब इथं करू नये.

खरी चूक पुढची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं गायब, आणि पोरगं कबड्डीच्या मैदानात. नडगीच्या हाडाला भोक पाडलंय हे कोण लक्षात ठेवणार! चालायला हरकत नसते. धावणं, उड्या, खेळ किती आठवडे बंद ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कॅन्सर पसरून हाड दुखत असेल तर गणित वेगळं. तिथं आरएफए दुखणं कमी करण्यासाठी असतं, मूळ रोगाची औषधं चालूच ठेवायची. मणका पोकळ झाला असेल तर नुसतं जाळून बळ येत नाही, सिमेंट भरावं लागतं.

थायरॉइड आणि फुप्फुस

थायरॉइडच्या साध्या गाठीसाठी पेशंट जागा हवा. डॉक्टर मधेच “नाव सांगा” म्हणतात ते गप्पा म्हणून नव्हे; आवाजाची नस गाठीच्या मागेच असते, आवाज बदलला की हात थांबतो. तेव्हा ‘झोपवूनच करा’ असा हट्ट नको. सुईनं दोनदा तपासून साधी असल्याची खात्री झालेलीच गाठ घ्यावी. ती दुसऱ्या दिवशी मावळत नाही, निम्म्यावर यायला काही महिने जातात.

फुप्फुसाच्या गाठीत हवा सुटून फुप्फुस दबणं बऱ्याचदा घडतं. म्हणून काही तासांनी पुन्हा एक्स-रे असतो. तो चुकवून संध्याकाळची गाडी पकडू नका. घरी गेल्यावर दम लागला तर पुण्याच्या डॉक्टरांचा फोन लागायची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात जा.

नंतर

आठवडाभर कणकण, अंगदुखी, थोडा ताप येऊ शकतो. मेलेल्या पेशींवरची ती शरीराची प्रतिक्रिया. थंडी वाजून ताप भरला, किंवा उतरलेला ताप परत आला, तर मात्र क्रोसिनवर काढू नका.

पहिल्या सीटीत जळालेली जागा मूळ गाठीपेक्षा मोठी दिसते, फुप्फुसात तर जास्तच. ती तशीच हवी, कारण गाठीभोवतीची कडही जाळलेली असते. रिपोर्टमधला आकडा वाचून “वाढली की हो!” म्हणत लोक माझ्याकडं धावत येतात. बघायचं असतं ते सीटीच्या वेळी शिरेत औषध टोचल्यावर गाठीचा कुठला भाग उजळतो का. उजळला तर तिथं काहीतरी जिवंत आहे, आणि बऱ्याचदा पुन्हा जाळता येतं.

त्यासाठी जुना सीटी शेजारी लावावा लागतो. फिल्म पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवलेली असते आणि दोन उन्हाळ्यांत उष्णतेनं काळी पडते. आमच्याकडं आलेल्या अशा काळ्या फिल्मचा एक गठ्ठाच आहे. सीडी मागून घ्या.